इंग्लिश शब्द पाठ आहेत पण बोलताना सुचतच नाहीत, काय करू?

मांडवीची मुलगी:
नमस्कार सगळ्यांना. मी बडोद्याची, घरी मराठी, बाहेर गुजराती, शाळाही गुजराती मीडियम आणि आता एम.एस. युनिव्हर्सिटीत बी.कॉम. करतेय तर लेक्चर, नोट्स, प्रेझेंटेशन सगळंच इंग्लिशमध्ये. वाचलेलं कळतं, पेपरही लिहिते, पण कोणी समोर उभं राहून काही विचारलं की आधी डोक्यात मराठी वाक्य बनतं मग त्याचं इंग्लिश करायला जाते आणि तोवर बोलणं पुढे गेलेलं असतं. मॅडम म्हणतात व्होकॅब्युलरी वाढव, म्हणून रोज वहीत नवीन शब्द आणि समोर अर्थ असं लिहून पाठ करतेय, पण आठवडाभरात अर्धे उडून जातात आणि जे राहतात ते बोलताना येतच नाहीत. क्लासची फी आत्ता जमणार नाही. ह्यातून गेलेलं कोणी असेल तर प्लीज सांगा.

रावपुऱ्याचे काका:
अगं, बी.कॉम.चा पेपर इंग्लिशमध्ये लिहितेस म्हणजे तुझ्याकडे शब्द आहेत, ते पटकन बाहेर काढायची सवय नाहीये एवढंच. मी बरीच वर्षं मुलांना इंग्लिश शिकवलं, नेहमी हेच बघितलं. मायकल वेस्ट यांनी १९५३ साली रोजच्या वापरातल्या साधारण २००० शब्दांची यादी काढली होती, साध्या लिखाणातले पाचातले चार शब्द त्या यादीतले असतात. बोलण्यात तर त्याहून जास्तच. तेव्हा नवीन शब्द थोडे दिवस बाजूला ठेव आणि हे कर: तुला नीट माहीत असलेला एक विषय घे, नवरात्रातला गरबा घे नाहीतर काल शिकलेला अकाउंट्सचा चॅप्टर घे, आणि एका मैत्रिणीला त्यावर ४ मिनिटं सांग. मग तेच सगळं दुसरीला ३ मिनिटांत आणि तिसरीला २ मिनिटांत. पॉल नेशन म्हणून शब्दसंग्रहावर आयुष्यभर काम केलेले न्यूझीलंडचे प्राध्यापक आहेत, त्यांच्या पुस्तकांत ही पद्धत आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी काय सांगायचं ते ठरलेलं असतं त्यामुळे डोकं फक्त वाक्याकडे लागतं, अडखळणं कमी होतं, आणि मराठीतून इंग्लिश करायला वेळच उरत नाही. ऐकणारी मात्र दर वेळी वेगळी हवी, तिच्यासाठी ते नवीन असलं की तूही मनापासून सांगतेस.

अलकापुरी ऑफिसवाला:
काकांचं बोलण्याबद्दलचं पटलं, पण शब्द बाजूला ठेव हे मला नाही पटत. माझं रोज परदेशातल्या क्लायंटशी फोनवर काम असतं आणि तिथे शब्द लागतातच. ताई, तुमचे शब्द उडतात कारण एकदा पाठ करून परत बघितलेच जात नाहीत. एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ सालीच दाखवून दिलंय की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं आणि मग विसरण्याचा वेग कमी होतो, म्हणून आज, उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने असं अंतर वाढवत परत बघायचं. अँकी नावाचं ॲप हेच करतं, अँड्रॉइडवर फुकट आहे. नाहीतर जुन्या लग्नपत्रिका कापून कार्डं करा, चालतात. पण कार्ड उलटं ठेवा, म्हणजे पुढे मराठी अर्थ आणि मागे इंग्लिश, कारण इंग्लिश बघून अर्थ आठवणं वाचायला उपयोगी पडतं, बोलताना अर्थ मनात असतो आणि शब्द शोधायचा असतो. आणि सुटा शब्द लिहूच नका, जिथे वाचला ते अख्खं वाक्य लिहा. होमवर्कला डू लागतं आणि मिस्टेकला मेक, हे सुटा शब्द पाठ करून कधीच येत नाही.

मांडवीची मुलगी:
काका, दादा, दोघांचे खूप आभार. कार्डं आजच करते. पण बोलायचं कोणाशी हा मोठा प्रश्न आहे, घरी इंग्लिश कोणालाच येत नाही आणि कॉलेजात मैत्रिणींसमोर बोलले की हसतात, मग दिवसभर बोलावंसं वाटत नाही.

कारेलीबागची वाचक:
हसणाऱ्यांचा खरंच राग येतो गं, त्यांच्यापुढे नकोच बोलूस. तुझ्यासारखीच अडलेली एखादी वर्गात नक्की असेल, तिला शोध, दोघी कामाटीबागेत चालता चालता बोला, तिथे कोण ऐकतंय. आणि मला इथे कोणी वाचनाबद्दल बोललंच नाही याचं नवल वाटतंय. तू मांडवीची, म्हणजे सेंट्रल लायब्ररी तुझ्या घराजवळच आहे. सयाजीराव महाराजांनी बोर्डन नावाच्या ग्रंथपालांना खास अमेरिकेहून बोलावून १९१० साली ती उभी केली, वाचकाने स्वतः कपाटातून पुस्तक काढून बघावं ही पद्धत त्या काळात तिथे आणली. तिथे जा आणि लहान मुलांची इंग्लिश पुस्तकं चाळ. लाज वाटू देऊ नकोस. पन्नास शब्दांत फार तर एखादा अडेल असं पुस्तक असेल तर अर्थ आपोआप कळत जातो, त्याहून अवघड घेतलंस की डिक्शनरीच उघडत बसशील आणि चार पानांत कंटाळशील. एकच शब्द वेगवेगळ्या पानांवर पुन्हा पुन्हा भेटला की तो तुझा होतो, मग वेगळं पाठ करावं लागत नाही. ऐकायला बीबीसीचं सिक्स मिनिट इंग्लिश फुकट आहे, खाली सगळं लिहून मिळतं, एकदा नुसतं ऐक, एकदा वाचत ऐक, मग त्यांच्या पाठोपाठ त्याच लयीत मोठ्याने म्हण.

रावपुऱ्याचे काका:
मैत्रीण मिळेपर्यंत फोनचा रेकॉर्डर पुरतो, ४, ३, २ तसंच. फक्त पहिलं आणि शेवटचं रेकॉर्डिंग ऐकताना व्याकरणाच्या चुका मोजू नकोस, किती ठिकाणी थांबलीस तेवढंच बघ. जिथे दोन्ही वेळा थांबलीस ती वाक्यं दादा म्हणतात तशी कार्डावर घे. आणि पुढचं प्रेझेंटेशन कशावर आहे ते इथे सांग, त्याच विषयापासून सुरू करू.

मांडवीची मुलगी:
जीएसटीवर आहे काका, पुढच्या सोमवारी. आज रात्री पहिलं रेकॉर्डिंग करते आणि कुठे अडलं ते इथे लिहिते.