'शंभर प्राध्यापकांना ईमेल टाका' हा सल्ला कृपा करून थांबवा

कागदपेन्सिल
काल इथेच एकाने लिहिलं, 'पीएचडी हवी असेल तर एक मसुदा करा, फक्त नाव बदला आणि शंभर प्राध्यापकांना पाठवा, एक तरी गळाला लागतोच.' खाली धन्यवादांची रांग. राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढतेय.

आमच्या गटात आलेल्या अर्जांच्या पहिल्या चाळणीला मी दोन वर्षं बसले आहे. असा ईमेल पहिल्याच ओळीत ओळखू येतो. एकात नाव आमच्या प्राध्यापकांचं होतं, पण 'आपला पेपर वाचून प्रभावित झालो' म्हणून ज्याचा उल्लेख होता तो पेपर भलत्याच कुणाचा. शीर्षकाचा फॉन्टसुद्धा वेगळा, चिकटवल्याचा. मुलगा हुशार असेलही, पण ते कळायला त्याने वावच ठेवला नाही.

आणि ईमेलचा उपयोग कुठे होतो हे तरी बघा. स्वीडन, नेदरलँड्समध्ये पीएचडी ही बहुतेकदा पगारी नोकरी. जाहिरात निघते, अर्ज पोर्टलवर. प्राध्यापकांना नुसता सीव्ही पाठवून काही हलत नाही. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी समिती ठरवते, डेडलाईन साधारण डिसेंबरात. मार्चमध्ये 'जागा आहे का' विचारणाऱ्याला काय सांगणार? पाचच ईमेल लिहा, पण समोरच्याचे दोन पेपर खरोखर वाचून.

रातपाळी
साफ असहमत. ज्यांच्या गाईडचं नाव सगळीकडे चालतं त्यांना पाच ईमेल पुरतात. मी ६७ पाठवले. ५२ जणांनी उत्तरच दिलं नाही. ६१व्याने दिलं, आणि आज मी त्याच लॅबमध्ये आहे. जर्मनीत अजूनही कित्येक विषयांत आधी गाईड शोधायचा, तो हो म्हणाला की नोंदणी. तिथे जाहिरातीची वाट बघत बसलात तर बसूनच राहाल.

समीकरण
तुम्ही ईमेलवर भांडताय, पण खरी अडवणूक शिफारसपत्रांची आहे. त्याबद्दल कुणीच बोलत नाही.

मला तिन्ही शिक्षकांनी एकच सांगितलं, 'तूच लिहून आण, मी पाठवतो.' मी लिहिली. पूर्णविरामानंतर दोन स्पेस द्यायची माझी सवय तिन्ही पत्रांत तशीच गेली, दोन वाक्यंही जवळजवळ तीच. मुलाखतीत एका बाईंनी शांतपणे विचारलं, 'ही तिन्ही पत्रं एकाच हातची वाटतात, असं का?' मी खरं ते सांगितलं. जागा गेली. त्या तिघांना कुणी काही विचारलं नाही.

चौथा मजला
शिक्षकाची बाजू मांडतो. डिसेंबरात एकेका विद्यार्थ्याच्या सात-आठ विद्यापीठांचे दुवे येतात. प्रत्येक पोर्टल निराळं, त्यात पुन्हा 'पहिल्या ५ टक्क्यांत की १० टक्क्यांत' अशा चौकटी. परवा रात्री अकराला एकाने कळवलं, डेडलाईन उद्या आहे. अशा वेळी विद्यार्थ्याकडून मुद्दे मागितले तर काय चुकलं?

समीकरण
मुद्दे मागणं वेगळं. अख्खं पत्र लिहायला लावून खाली आपलं नाव घालणं म्हणजे खोटेपणा. अमेरिकेच्या अर्जात 'पत्र पाहण्याचा हक्क सोडतो' असं विचारतात. मीच लिहिलेल्या पत्राबद्दल मी तिथे कुठल्या तोंडाने खूण करू?

चौथा मजला
'खोटेपणा' हा शब्द मागे घ्या. ज्याला मी नीट ओळखत नाही त्याला तोंडावर सांगतो की माझं पत्र तुझं नुकसान करेल, दुसरं कुणी बघ. त्याबद्दलही शिव्या खातो. सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

समीकरण
नाही घेत मागे. तुम्ही तसे नसाल, एवढं मान्य. माझे तसेच होते, आणि माझं एक वर्ष गेलं.

तळटीप
दोघेही जरा थांबा. समीकरण, पुढच्या वेळी पत्र मागताना सीव्ही, एसओपीचा (हेच का शिकायचंय ते सांगणाऱ्या निवेदनाचा) मसुदा, त्यांच्या हाताखाली काय केलं त्याच्या चार ओळी आणि सगळ्या डेडलाईनींचा एक तक्ता, महिनाभर आधी द्या. मी दिला, तिघांनीही पत्रं स्वतः लिहिली.

माझं दुखणं वेगळं. ब्रिटनमध्ये प्रवेश मिळाला, फंडिंग मिळालं नाही. प्रवेशपत्र आल्यावर घरी सगळ्यांना सांगून मोकळी झाले होते. तिथे बऱ्याचदा या दोन गोष्टींचे निर्णय वेगवेगळे होतात, हे आधी कुणी सांगितलं नाही. तसंच मारी क्युरीच्या डॉक्टरल नेटवर्कचं, म्हणजे युरोपियन युनियनच्या पैशावर चालणाऱ्या पीएचडीच्या जागांचं. ज्या देशात जागा आहे तिथे भरतीआधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेला माणूस सहसा चालत नाही. मी पूर्ण अर्ज भरून मग हा नियम वाचला. जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा हो.

कागदपेन्सिल
धागा पत्रांवर गेला, पण तेही लिहायला हवंच होतं. रातपाळी, जर्मनीबद्दलचं तुमचं बरोबर आहे, मी ते सोडून दिलं होतं. पण एक विचारते. तो ६१वा ईमेल बाकीच्यांसारखाच होता का?

रातपाळी
नव्हता. त्यांचा पेपर तीनदा वाचला होता, आणि त्यातल्या एका आकृतीबद्दल शंका विचारली होती. उत्तर त्या शंकेलाच आलं, जागेचा विषय त्यांनी नंतर काढला. तेवढ्यापुरतं तुमचं खरं. पण आधीचे ६० गेले नसते तर आपलं काय चुकतंय हे मला कळलंच नसतं. सांगायला शेजारी कुणी नव्हतं.