मदत हवी आहे: पाइप वेल्डिंगसाठी आयटीआयचा वेल्डर की फिटर?

मंडळी, भाचा दहावी झालाय, पाइप वेल्डिंगमध्ये जायचं म्हणतो. आयटीआयला वेल्डर ट्रेड 1 वर्षाचा, फिटर 2 वर्षांचा. फिटर केला तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाट उघडी राहते, पण वेल्डिंगवर हात बसत नाही. रिफायनरीच्या कामावर नुसतं प्रमाणपत्र चालत नाही, 6G टेस्ट घेतात: पाइप 45 अंशात पक्का, टिगने (आर्गॉन वायूच्या आवरणात होणारं वेल्डिंग) रूट, म्हणजे जॉइंटचा सगळ्यात आतला पहिला थर, आणि वर 7018 रॉडचे थर. रूटला फ्यूजन (धातू वितळून एकजीव होणं) कमी पडलं किंवा रॉड ओव्हनमध्ये न तापवता दमटच वापरला, की एक्स-रेत जॉइंट बाद! म्हणून माझा कल वेल्डरकडे, पुढे अप्रेंटिसशिप. नाशिक-पुण्याकडे रोज पाइपचे तुकडे देऊन 6G चा सराव खरोखर करून घेणारी संस्था कोणती? अप्रेंटिसशिप फॅब्रिकेशन शॉपमध्ये बरी की साइटवर?