काढ्यानं बिघडलेलं पोट
‘कोरोना तर फुप्फुसाचा आजार, त्यात पोटाचा काय संबंध?’ असं कुणीही विचारेल. संबंध आहे. हा विषाणू पेशीत शिरतो तो एसीई-२ नावाच्या प्रथिनाला चिकटून, आणि ते लहान आतड्याच्या अस्तरात भरपूर असतं. काहींना तर खोकल्याआधी जुलाब लागले. त्यात अँटिबायोटिक घेतल्या की आतड्यातले उपयोगी जिवाणूही मरतात.

आमच्या परभणीत २०२१ च्या उन्हाळ्यात मात्र वेगळीच तऱ्हा. बाहेर ऊन मी म्हणतंय, अन् घरात दिवसातून तीनदा मिरे-सुंठ-दालचिनीचा काढा! आईपुढं बोलायची सोय नव्हती. माझी जळजळ तिथूनच सुरू झाली. काढा सोडला, ज्वारीची भाकरी अन् ताकावर आलो, तेव्हा कुठं दोन महिन्यांनी उतार पडला. शौचातून रक्त जात असेल किंवा वजन घटत असेल, तर ताक पीत बसू नका, डॉक्टर गाठा.