१९९४ची मारुती ८०० ठेवायची आहे, रिपेर स्वतः शिकायचं आहे, सुरुवात कुठून करू?

कृष्णाकाठ (कराड)

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, समजून घ्या. वडिलांची १९९४ची मारुती ८०० दारात उभी आहे, कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा जुना पार्ट), चार गिअरची. वडील गेल्या वर्षी गेले. गाडी विकायचं मन होत नाही आणि विकून येणार तरी किती, भंगाराचाच भाव.

रोजच्याला माझ्याकडे २०२१ची हॅचबॅक आहे आणि हा विषय डोक्यात आला तो तिच्यामुळेच. दिवाळीत पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढाला इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि दोन मिनिटांत गाडी बंद. मागे आई, बायको, चार वर्षांची पोरगी. बॉनेट उघडलं तर वर काळं प्लास्टिकचं झाकण, ते काढलं तर खाली वायरींचं जंजाळ, हात कुठे घालायचा तेच कळेना. टो करून नेली, तीन दिवस गाडी तिकडेच, साडेनऊ हजार बिल. कारण काय तर क्रँकचा सेन्सर.

आता याच घाटात मी शाळेत असताना ८०० बंद पडली होती. रात्रीचे नऊ वाजले असतील. वडिलांनी प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरची कॅप काढली, काडीपेटीची कड आतल्या पॉइंटमधून (ठिणगीसाठी उघडझाप करणारे दोन छोटे संपर्क) दोनदा ओढली, फुंकर मारली, कॅप लावली आणि आम्ही पंधरा मिनिटांत परत रस्त्याला. टॉर्च मी धरला होता, म्हणून अजून सगळं डोळ्यासमोर आहे.

सध्या सकाळी चोक ओढूनही सात-आठ वेळा सेल्फ मारावा लागतो, सिग्नलला आयडलिंगवर बंद पडते, अॅव्हरेज १७ वरून १२ वर आलंय. आमचे जुने मिस्त्री वय झालं म्हणून गॅरेज बंद करून बसलेत, नवीन पोरं कार्ब्युरेटर म्हटलं की हातच लावत नाहीत. हत्यारं काय घेऊ, पहिलं काय उघडू, पार्ट कुठे मिळतील, आणि मुळात हा उद्योग करावा का? स्पष्ट सांगा.

जुना_स्पॅनर (कोल्हापूर)

भावा, कर की बिनधास्त. चाळीस वर्षं पाना हातात धरलाय म्हणून सांगतो, शिकायला ८०० सारखी गाडी नाही. इंजिन ७९६ सीसी, तीनच सिलिंडर, बॉनेट उघडलं की सगळं समोर दिसतंय आणि सगळ्याला हात पोचतोय. जुन्या गाडीला तीनच गोष्टी विचारायच्या, पेट्रोल येतंय का, ठिणगी येतेय का, हवा बरोबर जातेय का. तिन्ही डोळ्यांनी दिसतात, वासाने कळतात.

पण एक चूक सगळे नवशिके करतात ती तू करू नको. आयडलिंगवर बंद पडतेय म्हणजे कार्ब्युरेटर, असं म्हणून लगेच तो खोलून बसू नको. आधी ठिणगीचं काम. माझ्याकडे कार्ब्युरेटर बिघडलाय म्हणून यायच्या त्यातल्या निम्म्या गाड्या पॉइंट आणि प्लगवर सुटायच्या.

पॉइंट असे बघ. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक, बॅटरीची वायर काढलेली. डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपच्या क्लिपा सोडव, आतला रोटर वर ओढून काढ. क्रँकच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने हळूहळू फिरव आणि पॉइंटच्या टाचेकडे लक्ष ठेव, ती मधल्या फिरत्या कॅमच्या उंचवट्यावर चढली की पॉइंट पूर्ण उघडे होतात. तिथं थांब. आता तोंडं बघ, एकीकडे खड्डा आणि दुसरीकडे टेंगूळ दिसत असेल तर कंडेन्सर (पॉइंट जळू नयेत म्हणून लावलेला छोटा डबा) पण गेलाय असं समज आणि जोडीनेच बदल, दोन्ही मिळून काही फार पैसे नाहीत. गॅप ०.४ ते ०.५ मिमीच्या मधे. फीलर गेजची (ठरावीक जाडीच्या पट्ट्यांचं माप) पट्टी आत घालून ओढायची, मिटलेल्या पुस्तकातनं कागद ओढताना जसा हलका अटकाव लागतो ना तसा लागला पाहिजे. स्क्रू आवळताना गॅप सरकतो, म्हणून आवळल्यावर परत एकदा घाल पट्टी, हे विसरतात सगळे. कॅमला नखाच्या टोकाएवढं ग्रीस. गॅप बदलला की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, पण हलतं, तेवढं कुणाकडून तरी टायमिंग लाइट लावून तपासून घे.

त्यानंतर प्लग. काळा काजळीचा असेल तर मिक्श्चर जाड (पेट्रोल जास्त) किंवा ठिणगी मंद, पांढराफट असेल तर पेट्रोल कमी पडतंय, बिस्किटासारखा तांबूस असेल तर इंजिन निरोगी. एवढा स्पष्ट रिपोर्ट कुठला स्कॅनर देत नाही बघ.

हत्यारं म्हणशील तर १०, १२, १४, १७ चे पाने, प्लग पाना, फीलर गेज, चांगले दोन स्क्रू ड्रायव्हर, मल्टीमीटर, टेस्ट लॅम्प. बास. इंजिन खोलायची वेळ आलीच तर उद्यमनगरात ये, बोरिंग-ग्राइंडिंग करणारे अजून आहेत.

लाल_दिवा

मी सर्व्हिस सेंटरला टेक्निशियन आहे, नऊ वर्षं झाली, कुठल्या ते सांगत नाही. नव्या गाडीबद्दल दोन शब्द बोलू द्या, कारण अशा धाग्यांवर तिच्यावर अन्याय होतो.

जुनी गाडी रिपेर करायला सोपी हे शंभर टक्के खरं. पण ती वारंवार रिपेर करावी लागायची हेही तेवढंच खरं, पॉइंट, प्लग, टॅपेट, चोकची केबल, काही ना काही दर चार-पाच हजार किलोमीटरला असायचंच. आत्ताच्या इंजेक्शनच्या गाड्या (कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल मोजून फवारणाऱ्या) बहुतेक ऑइल, फिल्टर आणि प्लगवरच लाखभर किलोमीटर जातात. फरक आहे तो बंद पडण्याच्या पद्धतीत. पॉइंट झिजले तर गाडी महिनाभर कुरकुर करते, तुम्हाला सांगत राहते. क्रँक सेन्सर गेला की ईसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, इंजिनची पोझिशनच कळत नाही, मग ना ठिणगी ना पेट्रोल.

आणि दादा, ओबीडीचं (गाडीतला बिघाड वाचायचं) छोटं ब्लूटूथ यंत्र हजाराच्या आत मिळतं, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावा, मोबाइलवर कोड दिसतो. तुमच्या केसमध्ये बहुतेक पी०३३५, क्रँक सेन्सरचा कोड, आला असणार. फक्त लक्षात ठेवा, कोड दिशा दाखवतो, दोषी पार्ट दाखवत नाही. परवाच एका गाडीला हाच कोड होता, बाहेर सेन्सर दोनदा बदलून झाला होता, आणि आत उंदराने वायर कुरतडली होती. तीस रुपयांची वायर. मल्टीमीटरने कंटिन्युइटी बघायला कुणाला वेळ नव्हता, याचं मला फार वाईट वाटतं, कारण यात दोष गाडीचा नाही, आमच्या धंद्याचा आहे.

खरी अडचण पुढची आहे. चावी, ईसीयू, काही गाड्यांत तर हेडलाइटसुद्धा, नवीन बसवला की कंपनीच्या सॉफ्टवेअरने कोडिंग केल्याशिवाय चालत नाही. बाहेरच्या हुशार मिस्त्रीचे हात तिथे बांधलेले असतात. सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं (दुरुस्तीच्या हक्काचं) पोर्टल काढलं, त्यात वाहनं पण आहेत, पण त्या जोरावर गल्लीतल्या गॅरेजला कोडिंग करायला मिळालं असं मी तरी अजून बघितलं नाही.

कुर्ला_७०

आमच्या वडिलांची पद्मिनी टॅक्सी होती म्हणून हा धागा वाचून राहवलं नाही. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगला, आणि गाडी बनायची आमच्या कुर्ल्यातच. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून बंद झाली, त्या दिवशी वडील जेवले नाहीत नीट.

मे महिन्यात कसाऱ्याच्या घाटात पद्मिनी हमखास थांबायची. गरम इंजिनला चिकटलेला पेट्रोल पंप तापतो, पाइपात पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ओढत बसतो आणि कार्ब्युरेटर कोरडा. वडील डिकीतून ओलं फडकं काढून पंपावर गुंडाळायचे, त्यातून चर्र आवाज यायचा, मग एक विडी होईपर्यंत थांबायचं आणि सेल्फ. मी लहानपणी समजायचो की सगळ्याच गाड्यांना मधेमधे पाणी पाजतात.

कृष्णाकाठ, तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे E20 पेट्रोल, २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. नव्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू आपोआप पेट्रोल वाढवतो, कार्ब्युरेटरचं तसं नाही, जेटचं भोक आहे तेवढंच राहणार, त्यामुळे मिक्श्चर पातळ होतं आणि आयडलिंग डगमगतं. दुसरं, इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवून फिल्टरमध्ये आणतं, पाणी धरतं आणि १९९४ची रबरी नळी फुगवतं. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घ्या, क्लिपा नवीन घ्या, पंपाचा डायफ्राम बदला. याला आळस करू नका, एक्झॉस्टवर पेट्रोल ठिबकलं की गाडी पेटते, डोळ्यांनी बघितलंय.

सांगवीकर_ताई (पुणे)

सगळे इंजिनावर बोलतायत म्हणून मी ब्रेकवर बोलते. दादा, वडिलांची आठवण आहे, ठेवाच, पण घरात चार वर्षांची मुलगी आहे म्हणून कळकळीने सांगते. या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही, आणि आजचा हायवे १९९४चा राहिलेला नाही. गावात, कृष्णा-कोयनेच्या संगमापर्यंत, सकाळी रिकाम्या रस्त्याला खुशाल चालवा. लेकीला घेऊन खंबाटकी मात्र नवीन गाडीनेच करा.

आणि पहिला खर्च पॉइंटवर नको, ब्रेकवर करा. मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर, पुढचे रबरी होस, ब्रेक ऑइल पूर्ण बदलून. माझ्या सासऱ्यांच्या ८००चं पेडल एकदा अप्पा बळवंत चौकात सरळ तळाला गेलं होतं, हँडब्रेकवर थांबवली त्यांनी. ब्रेकचं काम पहिल्यांदा स्वतः करू नका, जाणत्या माणसाला शेजारी बसवून करा. पार्ट नाना पेठेत सगळे मिळतात, जुना पार्ट पिशवीत घालून घेऊन जा, नावाने मागितला तर चुकीचा येतो.

पंधरा वर्षांनंतरचं रजिस्ट्रेशन पाच-पाच वर्षांनी करावं लागतं, त्याची तारीख आरसी बुकावर बघून घ्या. वीस वर्षांवरच्या कारची फी २०२५ पासून दहा हजार झालीय, पर्यावरण कर वेगळा. हे धरूनच हिशेब करा.

कृष्णाकाठ (कराड)

सगळ्यांचे मनापासून आभार. ताईंचं आधी ऐकलं. आमच्या जुन्या मिस्त्रींच्या घरी गेलो, म्हटलं काका तुम्ही नुसते खुर्चीवर बसा, हात मी चालवतो. ते लगेच तयार झाले. मागच्या डाव्या ड्रमात सिलिंडर पाझरत होता, लायनर ऑइलने भिजलेले. दोन्ही बाजूंचे बदलले, होस बदलले.

मग रविवारी पॉइंट. जुना_स्पॅनर काका, अगदी तुम्ही लिहिलं तसंच, एकीकडे खड्डा, एकीकडे टेंगूळ. कंडेन्सर पण बदलला. गॅप पहिल्यांदा आवळताना सरकला, दुसऱ्यांदा पण सरकला, तिसऱ्यांदा बसला. पट्टी ओढताना तो अटकाव हाताला लागला तेव्हा मिस्त्रीकाका म्हणाले, आता हे हाताने लक्षात ठेव. नळ्या बदलताना फिल्टर कापून बघितला तर आत तांबडा चिखल होता.

आज सकाळी चोक ओढला, दुसऱ्या सेल्फला लागली. आयडलिंगवर अजून जराशी थरथरते पण बंद पडत नाही. पोरगी बॉनेटपाशी स्टुलावर उभी राहून टॉर्च धरून होती.

आता टाकी उतरवून धुवायची आहे. आतला गंज काढायला काय वापरता तुम्ही लोक? काका म्हणतात बारीक खडी आणि रॉकेल घालून हलवायची, पण रॉकेल आता मिळत नाही, डिझेल चालेल का?