मदत हवी आहे: काल संध्याकाळी माळशेजच्या बाजूला हिरवट अग्निगोल आणखी कोणी पाहिला का?

नमस्कार मंडळी. काल सातच्या सुमारास ओतूरजवळ शेतात कांद्याला दारं धरत होतो. दक्षिणेकडून एक प्रखर गोळा आला आणि माळशेजच्या दिशेने उतरत गेला. रंग पांढुरका-हिरवा, मागे नारिंगी शेपूट. चार-पाच सेकंदच दिसला, पण उजेड एवढा की वाफ्यात माझी सावली सरकताना दिसली. शेवटी दोन-तीन तुकडे झाले आणि डोंगराच्या बऱ्याच वर, हवेतच विझले. साधारण दोन मिनिटांनी लांबून गडगडलं. आभाळ निरभ्र होतं.

२ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, रॉकेटचे जळते अवशेष महाराष्ट्रभर दिसले आणि चंद्रपूर जिल्ह्यात लाडबोरीला धातूचं मोठं कडं पडलं, ते आठवत असेल. तेव्हाचं दृश्य मीही पाहिलं होतं. ते सावकाश, तुकड्यांची रांग घेऊन गेलं होतं. हे तसं अजिबात नव्हतं. मग ही उल्काच ना?

विचारायची घाई अशासाठी की गावातली पोरं ‘घाटाच्या कड्याखाली पडलाय’ म्हणत चुंबक घेऊन शोधायला निघाली आहेत. कडा निसरडा आहे, जीव धास्तावलाय. त्यांना काय सांगू?

प्रतिसाद १
वर्णन उल्केचंच आहे. कक्षेतून पडणारा कचरा सेकंदाला सात-आठ किमी वेगाने जवळजवळ आडवा येतो, म्हणून बराच वेळ दिसतो. उल्केचा वेग ११ ते ७२ किमी असतो.

पोरांना आधी थांबवा. आवाज दोन मिनिटांनी आला, म्हणजे फुटण्याची जागा तुमच्यापासून तिरक्या रेषेत सुमारे ४० किमी लांब. शिवाय तुकडा विझला म्हणजे तिथेच खाली पडला असं नसतं. उरलंच काही तर ते अंधारात आणखी काही मिनिटं वाऱ्याबरोबर सरकत खाली येतं. आणि सह्याद्रीत चुंबकाचा भरवसा नको: आपल्या काळ्या कातळातही मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं, साधा दगडही चुंबकाला ओढ देतो. उलट खऱ्या अशनीला, म्हणजे जमिनीवर पोचलेल्या उल्केच्या तुकड्याला, चुंबक लावला तर तिच्यातली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते.

तुम्ही काल होतात तिथेच उभे राहा. गोळा विझला ती दिशा होकायंत्राने पाहा, उंची हात ताठ धरून मुठीने मोजा. एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. मग आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या संकेतस्थळावर नोंद करा. काही सापडलंच तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा.

धागाकर्ता
मनापासून आभार. पोरं थांबली. मोजून आलो: दिशा वायव्य, उंची साडेतीन मुठी. तुमचे ४० किमी धरले तर गोळा जमिनीपासून २३ किमीच्या आसपास विझला, तोही घाटाच्या पलीकडे, कोकणात. एकट्याच्या मोजणीवर मार्ग ठरत नाही. टोकावडे, मुरबाड, शहापूरकडच्या कोणी पाहिलं असेल तर तो कोणत्या बाजूला आणि किती मुठी वर विझला तेवढं लिहा. कुणाच्या सीसीटीव्हीत आलं असेल तर ते चित्रण पुसलं जाण्याआधी कृपया जपून ठेवा.