डिकीतला कापूस काढा

एका भाऊंनी विचारलंय की संक्रांतीआधी मांजाच्या जखमांसाठी स्कूटरच्या डिकीत कापूस, आयोडीन आणि ऑनलाइन मिळणारा स्वस्तातला टूर्निके (रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा) ठेवला तर पुरे का. कापूस आधी काढा. तो रक्त पितो, जखमेत तंतू सोडतो. त्याऐवजी निर्जंतुक गॉजचे दोन-तीन रोल, रुंद क्रेप बँडेज, हातमोजे ठेवा. वाहत्या रक्ताला आयोडीनचा उपयोग नाही.

नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी आपल्या नागपुरात जानेवारी आला की पुलावरून मान खाली घालूनच जावं लागतं. गळ्याला टूर्निके चालतच नाही. तिथे गॉज आणि हाताचा घट्ट दाब, बस्स. मागे एका पोराची हनुवटीखालची जखम दाबून बसलो होतो, तर बघे म्हणतात, "उचलून बघा ना, थांबलं का?" उचलायचं नाही! गॉज भिजला तर त्यावरच दुसरा. १०८ ला फोन त्या बघ्यांना लावू द्या.

टूर्निके फक्त हातापायाला, जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांधा सोडून. बांधल्याची वेळ लिहायला मार्कर ठेवा. आणि स्वस्तातला नकोच, माझ्याची पिळायची कांडी घरी मांडीवर आवळून बघतानाच वाकली.