झोडियाकच्या सांकेतिक चिठ्ठ्या: तुम्ही कधी डोकं लावलंत का?

कॅलिफोर्नियातल्या झोडियाक नावाच्या खुन्याने वर्तमानपत्रांना पाठवलेल्या चिठ्ठ्या आपल्या खान्देशातही बरेच जण घेऊन बसलेत, हे जळगावात गप्पा मारताना कळलं. म्हणून हा धागा. चार चिठ्ठ्यांपैकी दोन उलगडल्या, दोन अजून बंदच आहेत. कुठे अडलात, काय हाती लागलं, मोकळेपणाने लिहा.

भुसावळ, निवृत्त तारबाबू
तार घेताना एखादं अक्षर निसटलं तर पुढच्या शब्दावरून मागचं सावरायचं, ही रेल्वेतली सवय. म्हणून ४०८ चिन्हांची पहिली चिठ्ठी घेतली. तिचे १३६ चिन्हांचे तीन तुकडे तीन पेपरांना गेले होते. ऑगस्ट १९६९ मध्ये सलिनासच्या डोनाल्ड आणि बेटी हार्डन या नवरा-बायकोने ती आठवडाभरात फोडली. बेटीबाईंचा तर्क मला फार पटतो: एवढी टिमकी वाजवणारा माणूस सुरुवात 'मी'नेच करणार, आणि 'किल' लिहिल्याशिवाय राहणार नाही. इंग्रजीत 'किल'च्या शेवटी एल दोनदा येतो, म्हणून त्यांनी लागोपाठ आलेली जोडचिन्हं धुंडाळली. मीही उत्तर न बघता तीच वाट धरली. कोणतं चिन्ह किती वेळा येतं याची नुसती मोजदाद करून भागत नाही, कारण एकट्या ई अक्षराला त्याने सात वेगवेगळी चिन्हं दिली आहेत.

धुळे, मोडी वाचणारा
राजवाडे संशोधन मंडळाची दप्तरं पाहून मोडीची गोडी लागली. मोडीत शब्द तोडत नाहीत, ओळ सलग पळते. तिथे 'राजश्री', 'दंडवत' असे ठरलेले शब्द आधी पकडायचे, मग मधला मजकूर सुटतो. ८ नोव्हेंबर १९६९ च्या ३४० चिन्हांच्या चिठ्ठीवर हीच युक्ती चालवली, आणि एकही शब्द लागेना. कारण २०२० च्या डिसेंबरात कळलं. अमेरिकेचे डेव्हिड ओरॅनचॅक, ऑस्ट्रेलियाचे सॅम ब्लेक आणि बेल्जियमचे यार्ल व्हॅन आयके यांनी ती ५१ वर्षांनी सोडवली. चिन्हांचा क्रमच त्याने फिरवला होता: एक घर खाली, दोन घरं उजवीकडे, बुद्धिबळातल्या घोड्यासारखं. ब्लेक यांनी वाचनाचे साडेसहा लाखांच्या आसपास क्रम तयार केले आणि ते व्हॅन आयके यांच्या प्रोग्रॅममधून काढले. त्यातल्या एकात 'मला पकडायचा प्रयत्न', 'गॅस चेंबर' असे तुकडे दिसले. मग 'टीव्हीवरच्या कार्यक्रमात मी नव्हतो' असंही निघालं. चिठ्ठी येण्याच्या थोडेच दिवस आधी, २२ ऑक्टोबरला, एकाने टीव्ही कार्यक्रमात फोन करून आपणच झोडियाक असल्याचं सांगितलं होतं. तारीख अशी चपखल बसली म्हणजे उकल खरी. मी चौकटी आखून पहिल्या नऊ ओळी हाताने पुन्हा लावून पाहिल्या. तिरपं बोट सरकवत गेलं की अक्षरं खरोखर जुळत जातात.

पारोळा, गृहिणी
माझे कागद बघून मोठी माय म्हणाली, "जे मरनात, त्यासना नावे कोठे शेतस?" तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर नावं आहेत: बेटी लू जेन्सन (वय १६), डेव्हिड फॅरडे (१७), डार्लिन फेरिन (२२), सेसेलिया शेपर्ड (२२), टॅक्सी चालवणारे पॉल स्टाइन (२९). आधी ही माणसं, मग त्याची चिन्हं. दोन्ही उलगडलेल्या चिठ्ठ्यांत त्याने आपलं नाव सांगितलेलंच नाही. आहे ती नुसती फुशारकी. त्याला कोणी 'हुशार खुनी' म्हटलं की मला संताप येतो.

अमळनेर, शिक्षक
शाळेत ही चिठ्ठी दाखवत नाही. पद्धत तेवढी शिकवतो, मजकूर अहिराणी म्हणींचा.

नंदुरबार, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी
मी एप्रिल १९७० च्या १३ चिन्हांवर आहे. 'माझं नाव' एवढं लिहून त्याने ती पुढे जोडली आहेत. दर काही महिन्यांनी कोणीतरी नवा संशयित शोधून त्याचं नाव त्यात बसवतो. पण वेगळी चिन्हं फक्त आठ, आणि मजकूर एवढा तोकडा की वेगवेगळी नावं तितक्याच नीट बसतात. आमच्या होस्टेलमधल्या मुलांची नावं रोमन लिपीत लिहून मी ते करून पाहिलंय. ३४० वाल्या उकलीला पडताळा होता, इथे तो मिळण्याची सोयच नाही. म्हणून नाव सापडल्याचा दावा केला की मी एकच विचारतो: हीच किल्ली लावून त्याच्या दुसऱ्या बंद चिठ्ठीत, ३२ चिन्हांच्या, काय वाचता येतं, ते दाखवा. अजून कोणी दाखवलेलं नाही.